लोखंडाले जमते

आमच्या गावात गोल्फ हा शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही. बाजाराचं गाव रिठद, त्याच्या जरा अलीकडे आमचं गाव. ज्वारीत गोफण घेऊन पाखरं हाकणारी माणसं आम्ही. माझा बा नागपूरपलीकडच्या छावणीत साहेब लोकांच्या गोल्फच्या मैदानावर कामाला आहे, हे कळल्यावर लोकांनी परस्पर ठरवून टाकलं की तो तिथे गोफण चालवतो. एका म्हाताऱ्यानं तर मला भर रस्त्यात थांबवून विचारलं, "साहेबाच्या वावरात बी पाखरं लय हायेत काय वं?"

"पाखरं नाई, चेंडू मारतेत," मी चिडून म्हटलं.

"कोनाले?"

आजही गोल्फचं नाव ऐकलं की मला आधी हसू येतं. पण ते फार वेळ टिकत नाही.

बा छावणीत आधी साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्यामागे चालायचा. पुढे काठ्यांची डागडुजी त्याच्याकडे आली. मुठीचं झिजलेलं चामडं बदलायचं, सैल झालेलं लोखंडी पातं पक्कं बसवायचं, अशी कामं. घरी यायचा तो पेरणीला आणि सोंगणीला. बाकी वर्षभर घरात माय, मी आणि माझ्या पाठचा भाऊ.

भाऊ तिसऱ्या वर्षी तापानं गेला. ताप चढला तेव्हा शाळेच्या मास्तरांनी बाला तार केली होती. बा आला तेव्हा भावाला माती देऊन झालं होतं आणि मायनं चूल पुन्हा पेटवली होती. बा उंबऱ्यातच बसला. म्हणाला, "साहेबानं सुट्टी देली नाई."

मायनं मागे न बघता विचारलं, "मांगतली होती काय?"

बा उंबऱ्यावरची माती नखानं खरवडत राहिला. त्या आठवड्यात मैदानावर मोठा सामना होता, बाहेरून बडे साहेब आले होते. त्यांच्यासमोर जाऊन तोंड उघडायची त्याची छाती झाली नव्हती. साधा ताप असेल, उतरेल, असं त्यानं मनाला समजावलं होतं. हे सगळं त्यानं मला फार उशिरा सांगितलं. मायला मात्र त्याच्या गप्प बसण्यातून तेव्हाच कळलं.

त्या दिवसापासून माय त्याच्याशी बोलली नाही. त्याचं जेवण, त्याचे कपडे, त्याचं दुखणंखुपणं, सगळं ती करायची. पण बोलायचं झालं की मी मध्ये. "तुह्या बापाले सांग, जेवाले बस म्हना." बा दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा. त्यानं ते ऐकलेलं असायचं. तरी मी सांगितल्याशिवाय तो उठत नसे, कारण ते बोलणं त्याला उद्देशून नव्हतंच. माझं बालपण हे असं निरोप पोचवण्यात गेलं आणि मला त्याचा मनस्वी वैताग यायचा.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि बा कायमचा घरी आला. त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. काठ्या दुरुस्त करणाऱ्याचाच हात थरथरतो म्हटल्यावर त्याला कोण ठेवणार? येताना त्यानं एका साहेबानं दिलेली सात नंबरची जुनी काठी आणि खरचटलेले थोडे चेंडू आणले. इतकी वर्षं त्या मैदानात राहून त्याला मनासारखा एक चेंडू कधी मारायला मिळाला नव्हता. ज्वारी सोंगून झाल्यावर त्यानं वावरातली धसकटं उपटून एक पट्टा साफ केला. पट्ट्याच्या टोकाला नाला आणि नाल्यापलीकडे एक बाभूळ. चेंडू त्या बाभळीशी पोचवायचा, हे त्यानं मनात धरलं.

तो पोचत नव्हता. का पोचत नाही, ते त्यानं मला पात्यावर अंगठा टेकवून दाखवलं. "ह्या लोखंडाचा जीव इथंच हाये पाय. चिंचोक्याएवढा. तिथं चेंडू लागला तं हाताले समजत बी नाई, असा जाते. जरासा बाजूले लागला का लोखंड चावते." आणि खरंच, चेंडू कडेला लागला की तो काठी टाकून हात झटकायचा. थरथरत्या हाताला तो चिंचोका काही सापडेना.

मग त्यानं मला नव्या काठ्यांची गोष्ट सांगितली. तो निघाला त्या वर्षी एका साहेबानं विलायतेहून काठ्यांचा एक जोड आणला होता. त्यांच्या पात्याची पाठ कोरून खोलगट केलेली आणि तिथलं वजन कडेकडेनं फिरवलेलं. चेंडू मधोमध नाही लागला तरी बऱ्यापैकी सरळ जायचा. रोज खेळणारे पट्टीचे साहेब त्या काठ्यांना नाकं मुरडायचे. पण रविवारपुरते येणारे, पोट सुटलेले साहेब खूश. ते म्हणायचे, ही काठी माफ करते. बा तिला माफीचं लोखंड म्हणायचा.

"तसं आपन बनवू," तो म्हणाला. मला वाटलं, याचं डोकं फिरलं.

रिठदच्या लोहारानं ते पातं हातात घेऊन उलटंपालटं केलं. "हे खुरपं हाये का इळा, ते तं सांग बुवा आधी." पण माणूस हौशी होता. पहिल्यांदा त्यांनी पात्याच्या दोन्ही टोकांना शिशाचे तुकडे तारेनं बांधले. पहिल्याच तडाख्याला एक तुकडा सुटला आणि शेजाऱ्याच्या म्हशीच्या कानाजवळून गेला. गावभर बोभाटा झाला की याची गोफण खरीच निघाली. मग त्यांनी छिन्नीनं पाठ कोरली. आता पातं इतकं हलकं झालं की चेंडू लाजत लाजत चार पावलं जाऊन बसायचा. शेवटी लोहारानं मोडक्या बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव काढली, तिची पट्टी पात्याच्या कडेनं आणि बुडाशी वळवली आणि टाकणखार घालून पितळेनं सांधली. काठी दिसायला अगदीच बेढब झाली. बा मात्र तिच्या पाठीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होता.

त्या दिवशी माय भाकरीची टोपली घेऊन वावरात आली होती. बानं चेंडू ठेवला. हात नेहमीसारखा थरथरला आणि चेंडू पात्याच्या टोकाला लागला, मला आवाजावरूनच कळलं. तरी तो उठला, नाल्यावरून गेला आणि बाभळीच्या अलीकडे पडला. बा मोठ्यानं हसला. भाऊ गेल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"तुह्या मायले सांग," तो मला म्हणाला, "हात चुकला, तरी गेला."

मी सांगायच्या आधीच मायनं टोपली खाली ठेवली. पदर खोचला आणि काठी जणू माझ्याच हातात आहे अशा थाटात, बाकडे न बघता, ती त्याच्या हातातून घेतली. कुदळ धरावी तशी तिनं ती धरली आणि चेंडूवर घातली. चेंडू नाल्यापलीकडे गेला नाही, पण नाल्याच्या काठापर्यंत सरळ गेला. जन्मात काठी न धरलेल्या बाईच्या हातून! बाला भान राहिलं नाही. तो सरळ तिच्याशीच बोलला, "पाय, कसंबी मारलं तरी माफ करते हे."

मायनं काठी उलटी केली. पाठीवरच्या त्या खोलगट जागेत बोट घातलं, कडेची धाव चाचपली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुह्या बापाले सांग, लोखंडाले जमते."

टोपली तिथेच ठेवून ती घरी निघून गेली. मी तिचं बोलणं बाला सांगितलं नाही. पहिल्यांदाच नाही सांगितलं. त्याची गरजही नव्हती. बा धसकटांत बसला. भाकर त्यानं खाल्ली नाही. घरी येऊन काठी खुंटीला टांगली आणि पुन्हा कधी काढली नाही. मला मायचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. मेलेल्यासाठी जिवंत माणसाला असं किती दिवस जाळायचं, असं मला वाटायचं. माझी स्वतःची लेकरं झाल्यावर हा प्रश्न मला तितका सोपा वाटेनासा झाला.

बाचा हात बिघडत गेला. घास तोंडापर्यंत जायच्या आत निम्मा सांडायचा. वरण तर बंदच झालं. तो आमच्यानंतर जेवायला बसू लागला, तेही भिंतीकडे तोंड करून. सांडलेलं आम्हाला दिसू नये म्हणून त्याची ही धडपड. तो उठला की माय मुकाट्यानं तिथून फडा फिरवायची.

एका बाजाराच्या दिवशी माय रिठदला गेली आणि येताना पदराखाली काहीतरी घेऊन आली. दुपारी बा ओट्यावर झोपला होता. मी पाणी भरून आत आले, तर माय चुलीपाशी बसलेली. हातात एक लोखंडी चमचा होता. चमच्यात पाणी भरून ती स्वतःचा हात मुद्दाम थरथरवत होती. अगदी बासारखा. पाणी सांडलं की मान हलवायची, पुन्हा भरायची, पुन्हा हात हलवायची. मी तशीच मागे फिरले. मला रडू आवरेना.

तो चमचा तिनं पुढच्या बाजारी परत नेला. लोहारानं मला नंतर सांगितलं, ती त्याला म्हणाली होती, "त्या काठीले काय केलतं, ते याले कर." त्यानं चमच्याचं तोंड आणखी खोल केलं, कडा आत वळवल्या आणि उरलेली धाव दांड्यावर चढवून तो जड केला. जड चमचा हाताबरोबर तितकासा हलत नाही, हे त्या दोघांनी मिळून शोधून काढलं होतं.

चमचा घेऊन आली त्या दिवशी मायनं वरण केलं. बाच्या ताटात तो चमचा ठेवला आणि मला म्हणाली, "तुह्या बापाले सांग, ह्यातून सांडत नाई."

बानं चमचा उचलला, उलटा केला. दांड्यावरची धाव त्यानं लगेच ओळखली. तो आमच्याकडे तोंड करून जेवला. थोडंसं सांडलंच, पण त्यानं ते लपवलं नाही. मला वाटलं, आता माय बोलेल. माय बोलली नाही. ते वर्ष गेलं, पुढचंही गेलं.

शेवटच्या उन्हाळ्यात बा बाजेला खिळला. चमचा उचलायचं बळ त्याच्यात राहिलं नाही. माय त्याच चमच्यानं त्याला ज्वारीची पेज पाजायची. एके दिवशी दुपारी पेज त्याच्या ओठांतून बाहेर यायला लागली. तो तोंड मिटून घेऊ लागला, मान भिंतीकडे वळवू लागला, पूर्वी जेवताना वळवायचा तशी.

"घ्या," माय म्हणाली. "सांडलं तं सांडू द्या. घ्या."

मी दारात उभी होते. सवयीनं मी बाकडे वळले, तिचा निरोप सांगायला तोंड उघडलं, आणि थबकले. माय मला जन्मभर 'घे' म्हणत आली होती. 'घ्या' म्हणावं असं त्या घरात दुसरं कोण होतं?

बानं मान वळवली आणि तोंड उघडलं. पेज हनुवटीवरून खाली ओघळली. मायनं ती पदरानं पुसली आणि चमचा पुन्हा भरला.