माक्याचं तेल

कोपरगावला आमच्या शेजारी एक कारकून राहायचे. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांच्या मते केस गळायला कधी विहिरीचं जड पाणी कारण असे, कधी साहेबाचा जाच, कधी टोपी. उपायही तितकेच. डोक्याला कांद्याचा रस चोळून ते कचेरीत गेले की त्यांच्या टेबलाशी कुणी रेंगाळत नसे. एका कानावरून दुसऱ्या कानापर्यंत नेलेल्या बटेवर मात्र त्यांचा फार जीव. वारा सुटला की ते पाठ फिरवून बोलत.

समोरच्या म्हाताऱ्या मावशी त्यांना माका वाटून तेल कढवून देत. "लावा, भाऊसाहेब. मुळं शाबूत हायेत," म्हणत.

मावशी गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. गोदावरीच्या घाटावर अग्नी द्यायला भाऊसाहेब पुढे झाले. न्हावी त्यांच्या डोक्याकडे बघून घुटमळला.

"तुमी काय पोटचे न्हाई. थोडे काढले तरी चालतंय."

"सगळे काढ," भाऊसाहेब म्हणाले.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या दारात पाट्याचा आवाज आला. भाऊसाहेब माका वाटत होते. जमत काही नव्हतं. सदराभर हिरवे शिंतोडे उडाले होते. मला बघून त्यांनी बोडक्या डोक्यावरून हात फिरवला.

"मुळं शाबूत हायेत," ते म्हणाले, अगदी मावशींच्या सुरात.