बुटाला चिखल नसलेला ड्रायव्हर

उलटे अण्णा कुठलंही मासिक शेवटच्या पानापासून वाचायचे. आधी मलपृष्ठावर कुणाची जाहिरात आहे ते बघायचं, मग एकेक पान उलटत पुढे सरकायचं आणि मुखपृष्ठावर सगळ्यात शेवटी पोचायचं. बेळगावच्या कॅम्पात, चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं, आणि गिऱ्हाइकांनीच त्यांना हे नाव पाडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, थोडा अभिमानही असावा. "आधी वाढपी कोण हाय ते बघावं, मग चव घ्यावी," असं ते म्हणायचे आणि खरोखरच हॉटेलात गेले की बाकावर बसण्याआधी भटारखान्यात डोकावून यायचे.

हे वळण वडगावचं, बेळगावातल्या विणकरांच्या वस्तीचं. अण्णा विणकराच्या घरातले. त्यांचे वडील कुणाचंही लुगडं हातात आलं की पदराकडे न बघता ते आधी उलटं करायचे. सुलट बाजू सगळेच राखतात. तुटलेला धागा, घाईत मारलेली गाठ, सगळं मागच्या अंगाला सापडतं. अण्णा मागावर बसले नाहीत, फौजेत गाड्या दुरुस्त करायला गेले, पण सवय घरचीच राहिली. गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी ते पोतं पसरून तिच्या खाली सरकायचे. धागे मोजायचं वडिलांचं भिंग त्यांच्या खिशात कायम असे आणि ते बोल्टांवरच्या आट्यांपासून माझ्या औषधांच्या लेबलांपर्यंत कशावरही धरलं जाई.

"मला बघायला आलते तवाबी असंच," आक्का सांगायची. आक्का म्हणजे त्यांची बायको. "मी पोह्यांची बशी घेऊन उभी, अन् हे परसात. विहीर बघून आले, गोठा बघून आले. माझ्याकडं बघितलंच न्हाय."

"परस स्वच्छ हुतं," अण्णा म्हणायचे. "मग बघायचं काय ऱ्हायलं?"

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो ते स्कूटर घेऊन. नुकताच डॉक्टर झालो होतो आणि सदलग्याला दवाखाना टाकला होता. माझे आईवडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होते, आमच्या वस्तीतला मी पहिला डॉक्टर. त्या काळी ओळख होताच लोक आडनाव विचारायचे आणि ते ऐकल्यावर त्यांचा चेहरा किंचित बदलायचा. तो बदल टिपायची मला सवयच लागली होती. अण्णांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी स्कूटर आडवी केली, मागचं चाक फिरवून पाहिलं आणि विचारलं, "काळ्या रानातनं फिरतासा काय?" तेव्हापासून मला तो माणूस आवडला, तो जगावर एवढा संशय का घेतो हे कळत नसूनही.

काळं रान हाच माझा प्रश्न होता. सदलग्याच्या भोवतालच्या मळ्यांवर पावसाळ्यात जाणं म्हणजे शिक्षाच. ती माती चाकाला अशी चिकटते की चाक फिरायचंच थांबतं. एका वर्षी श्रावणात मळ्यावरची एक बाई बाळंतपणात अडली. मी ओढ्याअलीकडे स्कूटर टाकली आणि गुडघाभर चिखलातून चालत निघालो. तिच्या घरचे तिला बैलगाडीतून आणत होते. वाटेत गाठ पडली तेव्हा ती गेली होती, बाळही गेलं होतं. तिच्या नवऱ्याने बैल सोडले आणि तो तिथंच बसून राहिला. मला अजूनही त्या माणसासमोर उभं राहण्याची लाज वाटते.

तेव्हाच ठरवलं की चिखलातून जाणारी, चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायची. आयुष्यात ती एकदाच घेता येणार होती, त्यामुळे चूक परवडणारी नव्हती. नेमकं त्याच सुमारास एका इंग्रजी मोटार-मासिकात तुलनेची परीक्षा छापून आली. मुखपृष्ठावर दोन गाड्या, एक हिरवी आणि एक पांढरी, शेजारीशेजारी चिखल उडवत होत्या. हिरवी जुन्या घाटणीची, पांढरी नवी. आत दहा पानं, गुणांचे तक्ते, आणि निकाल असा की चिखलात, चढावर, वाळूत, सगळीकडे पांढरी पहिली. कंपन्यांची नावं सांगत नाही, त्यांत कुणाचा फायदा नाही. मी तो अंक दोनदा वाचला आणि पांढरी घ्यायचं नक्की करून कॅम्पात गेलो.

अण्णांनी अंक घेतला आणि उलटा केला. मलपृष्ठावर पांढऱ्या गाडीची पानभर रंगीत जाहिरात होती. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं, त्यामुळे मी जे वाचलं होतं ते त्यांनी वाचलंच नाही. त्यांनी भिंग काढलं आणि फोटो बघायला घेतले. चांगला अर्धा तास.

"पांढरीच्या टायरची नक्षी बघा, बोटभर खोल. हिरवीचं टायर डांबरी रस्त्याचं," ते म्हणाले. "अन् ह्यो ड्रायव्हर. चिखलातनं गाडी काढून खाली उतरलाय म्हणं. बुटाला चिखल कुठं हाय?"

बुटाला खरंच चिखल नव्हता.

"मागचं गवत पिवळं हाय. ही परीक्षा उन्हाळ्यात घेतलीया, टँकरनं पाणी मारून. आत माणसं किती? एकटा ड्रायव्हर. तुमच्या गाडीत किती बसणार?"

मला राग आला. जुळत आलेलं सगळं हा माणूस भिंग धरून उसवत होता. मी म्हणालो, "अण्णा, छापणारे काय सगळेच लबाड असतात? तुम्हाला जगातली सगळी माणसं चोरच दिसतात."

आक्का आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. अण्णांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. "असंल तसंबी," एवढंच म्हणाले. मग जरा वेळाने, "गाडी घेऊ नका अजून. पाऊस लागू दे."

पाऊस लागल्यावर त्यांनी दोन्ही गाड्या मिळवल्या. पांढरी एका ठेकेदाराची, शोरूममधून आली तशी. हिरवी निपाणीच्या एका व्यापाऱ्याची. दोघांची परवानगी घेऊन आम्ही त्या सदलग्याच्या ओढ्यावर आणल्या. अण्णांचा एक नियम होता, ते स्वतः स्टिअरिंगला हात लावणार नव्हते. "मी चालवली तर कुठलीबी पास हुईल. रात्रंदिवस चालवणार तुमी, तर चालवाबी तुमीच." शिवाय गाडीत भार आमच्या रोजच्यासारखा हवा. दोन माणसं पुढे, दोन मागे आणि मागेच आडवा झालेला एक रोगी.

रोगी म्हणून आक्का झोपणार होती. हे तिनंच ठरवलं. अण्णा पोती भरून ठेवूया म्हणत होते, पण ती म्हणाली, "पोत्याला काय कळतंय, कुठं दुखलं ते." मळ्यावरची माणसं बांधावर जमली. पन्नाशीची एक बाई वाकळ पसरून गाडीत झोपते आणि कण्हायचं सोंगही करत नाही, हे बघून ती सगळी हसत होती.

पांढरी ओढ्याच्या मधोमध रुतली. तिचं टायर गुळगुळीत, मासिकातल्या फोटोतलं नव्हेच. हिरवी तसल्याच टायरांवर, कण्हत-कुथत, पण पलीकडे गेली. मी म्हणणार होतो, जिंकलात अण्णा, पण त्यांनी थांबवलं. खोल नक्षीची चार टायरं त्यांनी बरोबर आणली होती. ती पांढरीला चढवली, तासभर गेला, आणि पांढरी लोण्यातून सुरी जावी तशी ओढा ओलांडून गेली. मी गोंधळलो.

"म्हणजे मासिकवाले खरं लिहीत होते?"

"खोटं न्हाय लिहिलं," अण्णा म्हणाले. "पण पास झालं ते टायर. अन् निकाल लागला गाडीच्या नावानं."

मग त्यांनी आक्काला विचारलं. ती चिखलाने माखून उतरली होती. म्हणाली, पांढरीत पाय लांब करता येत नाहीत, गुडघे पोटाशी घ्यावे लागतात. अडलेली बाई अशी कशी जाईल? हिरवीत हाडं खिळखिळी होतात, पण सरळ झोपता येतं. त्या दहा पानांत रोगी आडवा मावतो का, हे कुणी मोजलं नव्हतं. मोजायचं कारणही नव्हतं. अण्णांनी ना टेप काढली ना भिंग. आक्का म्हणाली ते त्यांनी जसंच्या तसं मान्य केलं. मी हिरवी घेतली, खोल नक्षीची टायरं घालून, आणि त्या गाडीतून किती बाया वेळेवर चिकोडीला आणि निपाणीला पोचल्या हे मी मोजलेलं नाही. पोचल्या, एवढं मला पुरे.

त्यानंतर मीही बिघडलो म्हणायला हरकत नाही. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी चकचकीत कागद घेऊन येतात, त्यावर दोन औषधांची तुलना असते आणि त्यांचं औषध नेहमी पहिलं आलेलं असतं. मी कागद उलटा करतो. अभ्यासाचा खर्च कुणी केला, दुसरं औषध किती कमी दिलं होतं, रोगी कोण होते, हे विचारतो. पुष्कळ जण नंतर माझ्या दवाखान्यात येईनासे झाले.

काही वर्षांनी अण्णांची छाती बिघडली आणि त्यांना बेळगावच्या इस्पितळात ठेवलं. एका दुपारी मी भेटायला गेलो तेव्हा आक्का डबा आणायला घरी गेली होती. अण्णा खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "तुमी मागं म्हणालतासा, मला सगळी चोर दिसत्यात."

"रागात बोललो, अण्णा."

"मला माणसं चोर दिसत न्हाईत, डॉक्टर. मला मीच दिसतो."

मग त्यांनी सांगितलं. फौज सोडल्यावर ते पुण्याकडे एका गाड्यांच्या कंपनीत कामाला होते. मासिकवाले तुलनेसाठी गाडी मागायचे. ती तयार करायचं काम अण्णांचं. विकायच्या गाडीचे पाटे, म्हणजे भार तोलणाऱ्या पोलादी पट्ट्या, हलके असत. परीक्षेच्या गाडीला त्यांनी भारी पाटे घातले, वरून धूळ-ग्रीस लावून जुनी दिसतील असे केले. गाडी पहिली आली. आक्काच्या धाकट्या भावाने, बाळूने, तो अंक वाचून तसली गाडी घेतली. घेण्याआधी त्याने अण्णांना विचारलंही होतं.

"मी म्हणालो, छापून आलंय की रं. एवढंच म्हणालो. नोकरी हुती." त्यांना धाप लागली. "तवंदीच्या घाटात, तंबाखूची पोती भरलेली, पाटा तुटला. बाळू जाग्यावर गेला. मी नोकरी सोडून हिकडं आलो. आक्काला कारण न्हाय सांगितलं. तुमीबी सांगू नका."

मी हो म्हणालो. पंधरा दिवसांनी अण्णा गेले.

दिवस झाल्यावर मी आक्काला भेटायला गेलो. गॅरेज बंद होतं. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी अण्णांच्या तब्येतीचं, औषधांचं काहीबाही बोलत राहिलो, आणि ते शेवटचं बोलणं मनात दडपत राहिलो. तिने सूप बाजूला ठेवलं.

"बाळूचं सांगितलं न्हवं तुमाला ह्यांनी?"

मी बंद गॅरेजकडे बघू लागलो.

"मला ठाऊक हाय. पुण्याला मी दुपारचा डबा घेऊन जायची. त्या दिवशी हे गाडीखाली हुते, अन् काढलेले पाटे भिंतीला टेकलेले. विचारलं तर म्हणाले, पावणे येणार हाईत गाडी बघायला." तिने पदर सारखा केला. "पुढं दिवाळीला बाळू आलता. म्हणाला, आक्के, दाजींच्या कंपनीची गाडी घेतोय, पुस्तकात पहिली आलीया. मी त्याच्या ताटात आणखी एक लाडू वाढला. बोलले न्हाय."

बाहेर कॅम्पातली शाळा सुटली होती, मुलांचा गलका चालला होता. तो थोडा कमी झाला. मग मी विचारलं, "अण्णांना कधीच नाही सांगितलंत? तुम्हालाही माहीत होतं म्हणून?"

"सांगून काय करू, डॉक्टर? सगळ्या जगाला उलटं करून बघायचे. माझ्याकडं तेवढं सरळ बघायचे." तिने सूप परत मांडीवर घेतलं. "एक तरी माणूस ऱ्हाऊ दे म्हटलं त्यांना."