बहीण सगळं करते

सांगलीच्या एसटी स्टँडवर आईने माझ्या हातावर दही ठेवलं आणि दम दिला, "चार लोकांत आपल्या माणसांची उणीदुणी काढायची नाहीत. कळलं?" ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवं लग्न, पदरात वकिलीची डिग्री, नवरा लीड्सच्या हॉस्पिटलात. "हो गं बाई," म्हटलं आणि चढले.

इथे पुन्हा परीक्षा दिल्या, सॉलिसिटर झाले, वर्षानुवर्षं व्हिसाच्या केसेस लढले. नव्वदच्या दशकात इमिग्रेशनची अपिलं ऐकायला माझी नेमणूक झाली. इथल्या मराठी मंडळात पेढे वाटले. आई फोनवर म्हणाली, "अगं बाई! जज्जच झालीस की!"

पहिल्याच हिवाळ्यात एक मराठी डॉक्टर समोर आले. ओळखीचे असते तर मी केस घेतलीच नसती. साताऱ्याकडच्या विधवा आईला त्यांना इकडे आणायचं होतं. नियम असा, की तिकडे बघणारं जवळचं कुणीच नसेल तरच येता येतं. सरकारी बाजूने विचारलं, बहीण त्याच गावात आहे, ती बघत नाही?

डॉक्टरांची मान खाली गेली. "शी डझ एव्हरीथिंग," म्हणाले.

मागे बसलेली त्यांची बायको कळवळली, "अहो, खरं सांगा ना! दाजी आईंना दारात उभं करत नाहीत!"

हे मराठी कळणारी त्या खोलीत तिसरी मीच. मी पुन्हा विचारलं. तेच उत्तर. बायकोला साक्षीला बोलवणार का, असं त्यांच्या वकिलाला विचारलं, तर डॉक्टरच ताडकन "नो" म्हणाले. आता भल्या माणसा, काय करू मी तुझं? बहिणीच्या सासरची अब्रू झाकताना आई घालवलीस की! शपथेवर सांगितलं त्यावरच निकाल द्यावा लागतो. अपील फेटाळलं. डॉक्टरांची आई तिकडेच वारली, असं पुढे मंडळात ऐकलं.

मग बाबा गेले आणि आई दादाकडे राहायला गेली. रविवारी फोनवर विचारलं, "दादा-वहिनी नीट बघतात ना गं?"

आई म्हणाली, "दादा सगळं करतो."

मी पुन्हा विचारलं. तेच उत्तर.

"मम्मी, आपला घर कुठे आहे?" इथे जन्मलेली माझी लेक विचारते. काय सांगू तिला? जिथलं खरं मला कुणी सांगणार नाही, तेच माझं घर. आईला इकडे आणायचं म्हटलं तर अपिलात काय होईल, ते मला तोंडपाठ आहे. तिचा मुलगा तिकडे आहे. तो सगळं करतो.