बियाचा दुधी

आयडामावशीच्या घरी पाहुणा आला की आधी भिंतीकडे बघायचा आणि नाक मुरडायचा. चुलीमागची अख्खी भिंत शेणाच्या थापट्यांनी भरलेली. जाळायच्या गोवऱ्या नव्हेत हो त्या! एकेका थापटीत दुधीचं, भोपळ्याचं, पडवळाचं बी दाबलेलं. चुलीच्या धुरामुळे त्याला कीड लागत नसे. सासूने तिला हे शिकवलं होतं. अंधेरीच्या पूर्वेला असलेल्या त्या गावठाणात तीस वर्षं ज्याला बी हवं तो आयडाच्या दारी यायचा. तिने कुणाला नाही म्हटलं नाही. तोंडाने मात्र सोडायची नाही. "फुकट नेतेस ना? मग पेर तरी! डब्यात ठेवून मारू नकोस."

सगळ्यांत लाडका तिचा लांब मानेचा दुधी. नवरा क्लेमेंट गेला त्या पावसाळ्यातही काळं लुगडं नेसून ही बाई मांडव बांधत होती. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत. क्लेमेंटला सुकट घालून केलेला तो दुधी फार आवडायचा, आणि तो वेल तुटू द्यायचा नाही एवढंच तिला कळत होतं.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात मुलाचं, मार्कसचं लग्न ठरलं. तो छापखान्यात नोकरीला. सासुरवाडीची माणसं घर बघायला येणार म्हणून त्याला त्या भिंतीची लाज वाटली. आई बाजारात गेलेली बघून त्याने थापट्या खरवडल्या, चुलीत घातल्या आणि वर पांढराफेक चुना मारला.

"बघ आई, घर कसं झकास दिसतंय!"

आयडाने बाजाराची पिशवी तिथेच टाकली. मग चुलीमागे हात घालून चाचपत राहिली. दुधीच्या तीन बिया सापडल्या. त्या तिने पदराच्या टोकाला बांधल्या. गावात मागायला गेली, तर कुणाकडे असणार? शेतं कारखान्याला गेली होती, भाजी बाजारातून यायची. तिची वाडीसुद्धा दिराने सही करून कारखान्याला देऊन टाकली होती. कारखान्याचं कुंपण घातलं जाईपर्यंतच काय ती तिची.

तिथे पेरलेल्या तिन्हींतली एकच बी उगवली. वेलाला एकच फळ टिकलं. आयडाने त्याला लाल चिंधी बांधली. हा बियाचा, कुणी तोडायचा नाही.

दिवाळीच्या सुमारास कारखान्याची माणसं जमीन साफ करायला आली. त्यांचा ओव्हरसियर विद्याधर, बोरिवलीचा, मार्कसच्याच वयाचा. आयडाने त्याच्यापुढे हात जोडले. "साहेब, दुधी वेलावरच वाळायला हवा. हलवला की आत बी खुळखुळलं पाहिजे. एक महिना द्या."

"साहेब काय म्हणता, मावशी! तुमचा कोपरा शेवटी घेतो." आणि त्या भल्या माणसाने शब्द पाळला. रोज आयडा जाऊन दुधीवर बोटाने टकटक करायची.

अठरा दिवस झाले. एका सकाळी विद्याधर यायच्या आधीच वरून हुकूम आला आणि मजुरांनी कोपरा साफ केला. तो धावत आला, उपटलेल्या वेलाच्या ढिगातून दुधी काढला आणि छातीशी धरून थेट आयडाच्या घरी आला. घामाघूम झालेला.

"मावशी, वेल नाही वाचवता आला. पण हा वाचवला बघा! आता उन्हात वाळवा."

आयडाने दुधीला नख लावलं. नख सहज आत गेलं. तिने विळीवर दुधी चिरला. आत बी होतं, मऊ, दुधाळ, दाबलं की पाणी सुटणारं.

असलं कोवळं बी रुजत नाही. पण समोर तो आशेने बघत होता. त्याला काय सांगायचं?

"लई केलंस रे बाबा. बस, जेवूनच जा."

तो मासळी खाणारा नसेल म्हणून तिने सुकट न घालता भाजी केली. मार्कसही पानावर बसला होता. विद्याधरने दोनदा मागून घेतली.

"काय चव आहे, मावशी! आमच्या आईला परसात लावायला यातलं थोडं बी द्याल?"

मार्कसचा घास हातातच राहिला. त्याने पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"पुढच्या वर्षी ये हं," आयडा म्हणाली आणि त्याच्या पानात उरलेली भाजी वाढली.

दारापर्यंत ती त्याला पोचवायला गेली. तीस वर्षांत तिच्या दारातून बी मागून रिकाम्या हाताने गेलेला तो पहिलाच माणूस.