सलामीच्या आवाजाने उडालेला कावळा

फटाके फोडून शहिदाला सलामी देणाऱ्यांनो, हे वाचा.

आज आमच्या शेजारच्या नितेशचं वर्षश्राद्ध होतं. सीमेवर तोफगोळा पडून तो गेला. पेटी उघडू नका, अशी सक्त सूचना होती. त्याच्या आईला, आमच्या काकींना, पोराचं तोंडही बघायला मिळालं नाही.

दुपारी घरामागच्या परड्यात कावळ्यासाठी पान ठेवलं. कावळा शिवेना. काकी हात जोडून म्हणत होत्या, "तुझ्या बहिणीचं लगीन नीट करीन रे, ये." अखेर एक कावळा पानाशी उतरला.

नेमके तेव्हाच वाडीतल्या पोरांनी पाखाडीच्या पायऱ्यांवर सुतळी बॉम्ब लावले. सलामी म्हणे. कोणाला? कावळा उडाला, तो परत आलाच नाही.

काकींनी नारळ फोडायचा कोयता उचलला. "ह्याच आवाजात माझा पोरगा फुटला," म्हणत त्या पोरांवर धावल्या. नितेशच्या फोटोचा बॅनर फाटला आणि तो धरणाऱ्या पोराचा दंडही. मी काकींना मागून घट्ट धरलं, तेव्हा त्याचं रक्त माझ्या बाहीवर उडालं होतं.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पानाला लावला.

काकी त्या गवताच्या कावळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पेटीपण अशीच दिलनी. आत तो हाय, असं समजायचं."