दोनशेला एकचा उतार

"फरशी तिरपी आहे म्हणते ती नाचणारी बाई," मुनघाटे साहेब म्हणाले आणि हसले. मीही हसलो. त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी सांगायची गरज नव्हती. मराठी माणसाच्या मनात दुसरं काही येऊच शकत नाही.

मुनघाटे साहेब चंद्रपुरातल्या एका क्लबचे सेक्रेटरी. मी सिव्हिल इंजिनिअर. घरांचे प्लॅन, एस्टिमेट आणि जागेची लेव्हल काढून देणं ही माझी रोजची कामं. गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची आहे. क्लबच्या मागे उघड्यावर घोटीव सिमेंटची तीस मीटर लांब फरशी होती. संध्याकाळी तिथे शाळेतली पोरं चार चाकांचे स्केट घालून शर्यतीची प्रॅक्टिस करत. सकाळी सहा ते सात ही वेळ मोठ्या माणसांची. ही माणसं शर्यत लावत नसत. ती नाचत.

हा प्रकार मुळात बर्फावरचा. आमच्याकडे बर्फ रसवंतीत नाही तर मासळीबाजारात, म्हणून इथे तो चाकांवर चालतो. त्याला सोलो डान्स म्हणतात. जोडीदार नसतो, एकट्यानेच नाचायचं. पण मनाला येईल तसं नाही. नाच ठरलेला असतो, त्याचा नकाशा कागदावर काढलेला असतो. फरशीभोवती कुठे कोणता पाय टाकायचा, किती ठोके एका पायावर घसरत राहायचं, कुठे वळायचं, सगळं ठरलेलं. पाय ठोक्यावर पडला पाहिजे आणि नकाशातल्या जागेवरही पडला पाहिजे. परीक्षक हेच बघतात.

"तुम्ही एक करा," साहेब म्हणाले. "येऊन बघून घ्या, आणि फरशी नियमाप्रमाणे आहे असं दोन ओळी लिहून द्या. मला सकाळची वेळ कराटेच्या क्लासला द्यायची आहे. शंभर पोरं यायला तयार आहेत. इथे सहा जण येतात, त्यातले दोघं पडायला येतात."

"आणि बाईंनी ऐकलं नाही तर?"

"तुमचा कागद दाखवीन ना."

बाहेर गेटजवळ त्या बाई उभ्याच होत्या. नसीम बाई. वय चाळीसच्या पुढे, शिवणकामाचं दुकान, अंगात सलवार-कुर्ता आणि हातात स्केटची पिशवी. मुलीला क्लासला सोडायला यायच्या, बसून बसून कंटाळल्या आणि स्वतःच शिकल्या. मुलीने पुढे सोडलं. यांनी नाही सोडलं.

"इंजिनिअर भाऊ, साहेबांनी तुमाले काय सांगितलं ते मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण खरं मोजजा. मागच्या वर्षी नागपूरले गेली होती मी. सात जणी होतो, मी सातवी. कागदावर लिहून आलं, ठोका सोडते. आता मले सांगा, दिवसभर मशीन चालवते मी. पायात ताल नसता तर टाके सरळ आले असते का?"

"कोच काय म्हणतात?"

"मॅडम नागपूरवरून महिन्यातून दोनदा येतात. त्या म्हणतात, बाई, या वयात कान थोडे मागे राहतात. यंदा इथी ताल नाई जमला तर नाव देणार नाई म्हणाल्या." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "फरशी सरळ निघाली तर सांगून द्या. मग दोष माझा. मी स्केट विकून टाकीन. त्याच्यात रडायचं काय."

घरी येऊन मी डम्पी लेव्हल पुसून ठेवली. डम्पी लेव्हल म्हणजे तिपाईवर बसवलेली दुर्बीण. ती एकदम आडव्या रेषेत बघते. समोर एक माणूस आकडे लिहिलेली उंच पट्टी धरून उभा राहतो. तिला स्टाफ म्हणतात. दुर्बिणीतून त्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. आकडा जास्त आला की तिथली जमीन खाली. बास, एवढंच.

रविवारी सकाळी स्टाफ धरायला देवराव चौधरी पुढे आले. हे पोंभुर्ण्याकडचे शाळामास्तर, घरची धानाची शेती. दर रविवारी मोटारसायकलवर यायचे आणि उरलेल्या पाच जणांना हसवायचे. आले ते स्केट घालूनच.

"मास्तर, स्केट काढा. स्टाफ हलते."

"स्टाफ नाई हलत जी, मी हलून राह्यलो."

"काऊन भाऊ," नसीम बाई म्हणाल्या, "एक जागी उभं राहता येत नाई आणि नाचाले येता?"

"नाचाले कोण आलं बाप्पा? बायको म्हणते पोट कमी करा."

त्यांनी स्केट काढले. मी गेटच्या टोकापासून सुरुवात केली. पहिलं रीडिंग एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर. पुढे सरकलो तसा आकडा वाढत गेला. नालीच्या टोकाला एक मीटर सत्तावन्न. मी परत येऊन पहिलं रीडिंग पुन्हा घेतलं. दुर्बीण हलली नव्हती.

पंधरा सेंटिमीटर. तीस मीटर लांबीत. म्हणजे दोनशेला एक.

नसीम बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "बोला ना भाऊ."

"तिरपी आहे."

त्या खाली बसल्या आणि हाताने फरशी चाचपून बघितली. हाताला ते कळणार नव्हतं. चालणाऱ्या माणसालाही कळत नाही. चाकाला कळतं.

आता यात कोणाची चूक नव्हती, हे आधी सांगतो. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो. उघड्यावरची कोणतीही फरशी इंजिनिअर नालीकडे उतरतीच करतो. मीही तशीच केली असती. हात आपोआप तसाच आकडा लिहितो. शर्यतीच्या पोरांना काही फरक पडत नाही. एका बाजूला उतारावर मिळालं ते दुसऱ्या बाजूला चढावर गेलं. पण नाचणाऱ्याचं तसं नाही. नालीकडे जाताना एका रेट्यात माणूस ठरलेल्या जागेच्या पुढे निघतो. परत येताना तोच रेटा अपुरा पडतो. नसीम बाई दोन वर्षं ताल आणि जागा दोन्ही सांभाळायला उताराला स्वतःला आवरत होत्या आणि चढाला जोर लावत होत्या. अंगाला तीच सवय लागली होती. मग नागपूरच्या सपाट फरशीवर एका बाजूला मागे पडल्या आणि दुसऱ्या बाजूला पुढे पळाल्या.

सोमवारी मी मुनघाटे साहेबांना रिपोर्ट दिला. त्यांनी वाचला.

"फरशी नियमाप्रमाणे आहे. हे छान. हे दुसरं वाक्य कशाला?"

दुसरं वाक्य होतं, उताराच्या फरशीवर तालाच्या नाचाची तयारी बरोबर होत नाही.

"खरं आहे म्हणून लिहिलं."

"पहिलं पण खरं आहे ना? मग तेवढंच ठेवा."

"साहेब, दोन्ही ठेवा नाही तर कागद परत द्या."

"तुम्ही पण ना!" त्यांनी कागद टेबलावर टाकला. "बरं, मग उतार काढायचं एस्टिमेट काय येईल?"

"काढू नका. पहिल्याच पावसात पाणी साचेल. मग पोरंही गेली आणि नाचही गेला."

"म्हणजे तुम्ही म्हणता फरशी बरोबर आहे, आणि चूक पण आहे, आणि हात लावू नका."

"हो."

साहेबांनी कागद उचलून फाइलला लावला. शेवटी म्हणाले, "नागपूरची स्पर्धा होऊ द्या. तोवर कराटे थांबवतो. पण बाईंच्या कागदावर पुन्हा ठोका सोडते असं आलं, तर विषय संपला."

मग सपाट फरशी शोधायची होती. मी त्या आठवड्यात तीन जागा मोजल्या. एक मंगल कार्यालय सपाट होतं, पण त्याच्या मालकाने स्केटची चाकं बघूनच हात जोडले. एका शाळेचा हॉल मधोमध खचलेला निघाला. शेवटी नसीम बाईंनीच सुचवलं. त्यांच्या नवऱ्याचे मामा, हाजी साहेब, धान्याचे व्यापारी. मूल गावाच्या रोडला त्यांचं सोयाबीनचं गोदाम होतं. जुना माल निघून गेला होता आणि नवं पीक अजून शेतात उभं होतं. वर छप्पर असल्यामुळे उतार द्यायचं कारणच नव्हतं. मध्ये खांबही नव्हते.

हाजी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "बेटी, इस उमर में?" एवढंच विचारलं.

"मामू, आप सत्तर के होकर रोज सायकिल चलाते हो."

"वो तो डॉक्टर ने बोला है." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "पहिलं पोतं आलं की खाली करून द्यायचं. त्याच्यात रिश्तेदारी नाही."

मी तिथेही लेव्हल लावली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन मिलिमीटरचा फरक. इतकं काम माझ्या स्वतःच्या घरातही झालेलं नाही. सगळ्यांनी मिळून झाडलं, दोनदा पुसलं, तरी सोयाबीनच्या फोलपटाचा वास काही गेला नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. टेपवर गाणं लागलं की नसीम बाई एका लांब बाजूला मागे पडत, दुसऱ्या बाजूला ठोक्याच्या आधी पाय टाकत. अगदी नागपूरला झालं होतं तसंच. मला आतून बरं वाटलं, कारण माझा हिशेब जुळत होता. त्यांना वाटायचं काही कारण नव्हतं.

"आता गोदाम पण तिरपं आहे म्हणा बाई," देवराव मास्तर म्हणाले.

"तुमची जीभ तिरपी आहे आधी."

"मी तर उद्यापासून क्लबात चाललो. तिकडे निदान अर्ध्या वाटेत आपोआप चालते."

त्या दिवशी नसीम बाई स्केट काढून रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, फरशी तिरपी होती तवा बरं होतं. एक कारण होतं. आता कारणच नाई उरलं."

 मी लेव्हलवाला. त्यांच्या पायाचं रीडिंग मला घेता येत नव्हतं.

रविवारी कोच मॅडम आल्या. माझा रिपोर्ट त्यांनी वाचला होता. कानाबद्दल बोललेलं त्यांनी परत काढलं नाही, पण काम मात्र वेगळं दिलं. टेप बंद केला. म्हणाल्या, "नसीम बाई, दोन्ही बाजूंना रेटा सारखाच द्यायचा. घाई नको, आवरायचं नाही. नुसतं जा आणि या. नाच विसरून जा." बाई आठवडाभर नुसत्या जात राहिल्या आणि येत राहिल्या. शिवणाची माणसं कंटाळत नाहीत. मग मॅडमनी सांगून ठेवल्याप्रमाणे टेप परत लागला. त्या सकाळी मी हाजी साहेबांसोबत दारात उभा होतो. बाई नकाशातली एक पूर्ण फेरी फिरून आल्या. मला नाचातलं काही कळत नाही, पण पाय आणि ढोलक एकत्र वाजत होते हे कळलं. हाजी साहेबांची बोटं मांडीवर ठेका धरत होती. तीही चुकली नाहीत.

चार दिवसांनी पहिलं पोतं आलं. हाजी साहेबांनी सांगितल्याप्रमाणे गोदाम खाली करून घेतलं, आणि हमालांना म्हणाले, "थोडा उस कोने से लगाओ, जल्दी क्या है." तेवढ्यात बाईंच्या आणखी दोन सकाळी निघाल्या.

नागपूरला मी कशाला गेलो ते बायकोने मला दोनदा विचारलं. काम होतं असं सांगितलं. गेल्यावर पहिलं काम केलं ते हॉलच्या कडेला बसून एक काचेची गोटी जमिनीवर ठेवायचं. ती ठेवली तिथेच राहिली. मग मी निवांत बसलो.

प्रौढ महिलांच्या गटात आठ जणी होत्या. नसीम बाईंची पाळी पाचवी होती. पहिल्या वळणावर खांदे थोडे आखडले, मग सुटले. क्लबात नालीकडे जायची बाजू कोणती आणि गेटकडे यायची कोणती, हे शोधायला गेलो तर मला त्यांच्या फिरण्यात फरकच दिसेना. देवराव मास्तर माझ्या शेजारी बसले होते आणि प्रत्येक ठोक्याला माझ्या गुडघ्यावर थाप मारत होते.

निकाल लागला. नसीम बाई आठात पाचव्या. मेडल नाही. त्या आल्या आणि परीक्षकांचा कागद माझ्या हातात दिला. मी वरपासून खालपर्यंत वाचला. ठोक्याबद्दल एक शब्द नव्हता. खाली लिहिलं होतं, हात ताठ, बोटं उघडी.

"हात ताठ म्हणे," मी म्हणालो.

"असू द्या ना भाऊ," नसीम बाई म्हणाल्या. त्यांचं हसू आवरत नव्हतं. "हात तर माझेच आहेत. मोजाले कोणाले बोलवा लागत नाई."

मास्तरांनी तिथल्या तिथे सगळ्यांना चहा पाजला आणि पुढच्या वर्षी पुरुष गटात आपलं नाव देणार असल्याचं जाहीर केलं. त्यावर कोच मॅडम म्हणाल्या, "आधी उभं राहायला शिका."

मुनघाटे साहेबांनी शब्द पाळला. सकाळी सहा ते सात मोठ्यांचेच राहिले, कराटेला सातनंतरची वेळ मिळाली. क्लबची फरशी अजून तशीच आहे, नालीकडे उतरती, आणि पाणी तिच्यावर एकही दिवस साचलेलं मी पाहिलेलं नाही. दरवर्षी सोयाबीन यायच्या आधी हाजी साहेबांचं गोदाम महिनाभर नाचणाऱ्यांकडे असतं.

माझ्या कामात एवढाच फरक पडला. पूर्वी कोणी फरशी चेक करायला बोलावलं की मी लेव्हल घेऊन निघायचो. आता आधी विचारतो, तिच्यावर काय फिरणार आहे? पुष्कळ क्लायंट या प्रश्नाने वैतागतात. वैतागू देत. उत्तर आल्याशिवाय मी तिपाई उघडत नाही.