गोल झाला तेव्हा मी किचनमध्ये होते

रियाधला हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये माझ्या वाट्याला जी रूममेट आली ती आयर्लंडची. मी डायलिसिसला, ती आयसीयूत. कामात वाघीण, पण तिच्या गावी म्हणे एकटा काळापांढरा पक्षी दिसला की त्याला सलाम ठोकल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. आमच्या चिपळूणला मांजर आडवं गेलं की माणसं चार पावलं मागे येतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

तिचा धाकटा भाऊ शाळेच्या हर्लिंग टीमचा गोलकीपर. हर्लिंग म्हणजे हॉकीसारखी काठी, क्रिकेटसारखा चेंडू आणि नळावरचं भांडण. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर एक पॉइंट; खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. पोराचं शाळेतलं शेवटचं वर्ष, आणि त्यांच्या शाळेनं शालेय करंडक कधीच जिंकलेला नाही. हिला रजा मिळेना. मग इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ही मॅच बघणार. तिकडची दुपार ती आमची संध्याकाळ.

पहिल्या मॅचला मी सोबत म्हणून बसले. भावानं लागोपाठ दोन गोल खाल्ले. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले आणि बाहेर किंकाळी फुटली. यांचा गोल! मी धावत बाहेर आले, तोवर चेंडू परत भावाच्या जाळ्यात.

“मी आपली किचनमध्येच थांबते,” मी घरच्या सवयीनं बोलून गेले.

“का?”

मग मी तिला आमचं क्रिकेटचं शास्त्र समजावलं. जोडी जमली की जो जिथे असेल तिथून त्यानं हलायचं नाही. एकदा काका मोरीत असताना सिक्सर बसला, तर त्या बॅट्समनची सेंचुरी होईपर्यंत आम्ही काकांना मोरीतून बाहेर येऊ दिलं नव्हतं. तिनं सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हे आधी का नाही सांगितलंस? यल्ला, चल, आत जा.”

आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा. वर ते जिंकले.

त्यानंतरचा अख्खा सीझन मी किचनमध्ये काढला, तोही दार लावून. आवाज कानावर पडला तर चालेल, पण बघायचं नाही. मी काळ्या वाटाण्याची उसळ केली, फ्रिज घासला, लसणाचे गड्डेच्या गड्डे सोलले. तिच्या शिव्यांवरून मला स्कोअर कळायला लागला. छोटी शिवी म्हणजे पॉइंट गेला, देवाच्या आईचं नाव आलं की गोल वाचला. आणि खरं सांगते, मला त्या खेळाचं वेड लागलं. क्वार्टर फायनलला राहवेना म्हणून दाराच्या फटीतून डोकावले, तर नेमका विरुद्ध बाजूचा पॉइंट. हिनं मागे वळून पाहिलं. ते जिंकले तरीही पुढचे दोन दिवस ही माझ्याशी फक्त पेशंटबद्दल बोलत होती. मीही चिडले. बीएस्सी नर्सिंग झालेली बाई मी, पांढऱ्या पायाची ठरले काय!

सेमीफायनलनंतर व्हिडिओ कॉल आला. चिखलानं माखलेली पोरं बेसूर गात होती. भावानं तोंड स्क्रीनला चिकटवून विचारलं, “किचनवाल्या मॅडम आहेत का? थँक यू! फायनललाही आतच राहा हं, प्लीज.” मागून सगळ्या टीमनं टाळ्या वाजवल्या. एवढा मान मला हॉस्पिटलात कधी मिळाला नव्हता.

फायनलला मला सांगावं लागलं नाही. मीच आत गेले आणि आतून कडी लावली. शेवटचं मिनिट आलं तेव्हा यांची शाळा दोन पॉइंटनी पुढे होती. मग समोरच्यांना अगदी गोलपुढे फ्री, म्हणजे फुकटचा फटका, मिळाली. गोल झाला तर खलास. बाहेर शिव्या थांबल्या. दारावर टकटक झाली.

“बाहेर ये.”

“वेडी आहेस का? जा, मॅच बघ!”

“मला एकटीला बघवत नाही. आईबाबा मैदानावर आहेत, सगळं गाव तिथं आहे. इथं मी एकटीच आहे गं.”

मी कडी काढली. तिनं माझा लसणाच्या वासाचा हात धरून मला लॅपटॉपसमोर ओढलं. गोलच्या रेषेवर मधोमध उभा भाऊ हेल्मेटमध्ये इतका लहान दिसत होता की मला भरून आलं. समोरच्यानं चेंडू काठीवर उचलला आणि मारला. चेंडू दिसलाच नाही. जाळं तेवढं हललं.

शिट्टी झाली. ती हमसून हमसून रडली. मीही रडले, अर्धं दुःखानं आणि अर्धं भीतीनं.

तासाभरानं भावाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. त्याचा आवाज पार बसला होता. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “त्या मॅडम बाहेर आल्या होत्या का?”

मी मान खाली घातली. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओढणीनं, माझ्याच ओढणीनं, नाक पुसलं.

“छे,” ती म्हणाली, “ती किचनमधून हललीच नाही. गोल तूच खाल्लास.”